चादरीचं सूत बुडलं, पोत्याची सुतळी तरंगली

सोलापुरात ट्राउट मासा नाही आणि होणारही नाही, आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर बसलेला असतो आणि ट्राउटला पाणी 20 डिग्रीच्या पुढं गेलं की त्रास सुरू होतो. तरीपण मी गॅलरीत बसून ट्राउट पकडायला गळावर खोटे किडे, म्हणजे फ्लाय, बांधत असतो, कारण सुट्टी मिळाली की हिमाचलात तीर्थन नदीवर जायचं असतं, लायसन्स काढून. शेजारच्या मामांचे पूर्वी यंत्रमाग होते, ते एकदा डोकावून म्हणाले, "काय रे, मच्छर करायलास का?"

मच्छर नाही मामा, मेफ्लाय. हा किडा आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली दगडांना चिकटून काढतो, मग वर येतो, कात टाकतो, पंख फुटतात, उडून झाडावर बसतो आणि तिथं परत एकदा कात टाकतो, पंखांसकट! उडता येणारे पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक जगात हा एकच. या शेवटच्या रूपाला गळवाले स्पिनर म्हणतात. त्याला खाता येत नाही, तोंड नावालाच, पोटात नुसती हवा. जोडी जमवायची, मादीनं पाण्यात अंडी सोडायची आणि संपलं, पंख दोन्ही बाजूंना पसरून ती पाण्यावर आडवी पडते. (अंडी कधी कधी डांबरी रस्त्यावर पण घालतात. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी 1998 साली दाखवलं की डांबरावरून येणारा प्रकाश पाण्यासारखाच आडवा ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेत हलतात, म्हणून बिचाऱ्या फसतात.)

आता माशाच्या बाजूनं बघा. पडलेली स्पिनर उडून जाणार नाही, धडपडत नाही, मग तिच्यामागं ताकद कशाला घालवायची? मोठा ट्राउट नुसतं नाक वर करतो, चहाचा घोट घेतल्यासारखा, पाण्यावर लहानसं वर्तुळ उमटतं आणि झालं. म्हणून खोटी स्पिनर दिसायला हुबेहूब नसली तरी माझ्या मते चालतं, पण ती पाण्यावर मेल्यासारखी सपाट पडली पाहिजे, माझा सगळा जीव त्यातच अडकलेला असतो.

बांधणी सोपी आहे. 16 नंबरचा बारीक गळ, शेपटीला पेंट ब्रशचे दोन-तीन नायलॉनचे केस फाकवून, अंगाला विटकरी रंगाचा बारीक दोरा, आणि पंख गळाच्या दांडीवर आडवे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोरा फिरवून घट्ट. पहिल्या वेळी मी सोलापुरी अभिमानानं अंग आणि पंख दोन्ही चादरीच्या सुताचे केले. तीर्थनवर दोन मिनिटं तरंगली आणि गायब! कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याला पाण्याचं भारी प्रेम, वर घनता पाण्याच्या दीडपट. म्हणजे माझी फ्लाय मुळात टॉवेल होती.

घरी आलो आणि पोती बांधायची पांढरी प्लास्टिकची सुतळी सुईनं विंचरली. ही पॉलिप्रॉपिलीनची असते, घनता 0.9 च्या आसपास, पाणी जवळजवळ पीतच नाही. विंचरल्यावर काचेसारखे चकचकीत धागे सुटतात, अगदी स्पिनरच्या पंखांसारखे. अंगाला दोरा सिंथेटिक घेतला. तरी गळ लोखंडाचा, पाण्यापेक्षा जवळजवळ आठपट जड, तो सुतळीच्या एवढ्याशा चिमटीनं कसा तरंगणार? तिथं पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण, कामाला येतो. पाण्याला टेकलेली दर 1 सेंटीमीटर कड जास्तीत जास्त 70 मिलिग्रॅमच्या आसपास वजन पेलू शकते, आणि पसरलेल्या धाग्यांनी ही कडच वाढते. फक्त धागे कोरडे हवेत, म्हणून थोडं ग्रीस चोळायचं.

खालून दिसतं ते वेगळंच. पाण्यातून वरचं जग माशाला फक्त डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, तिचा कोन 97 अंशांच्या जवळपास. मासा 30 सेंटीमीटर खोल असेल तर खिडकी साधारण 68 सेंटीमीटर रुंद. बाहेर सगळा आरसा! त्या आरशात फ्लाय जिथं पाण्याला टेकते तिथं ठिपके चमकतात, म्हणजे आधी तिचा ठसा दिसतो, मग खिडकीत शिरल्यावर रंग.

आणि एवढं करून गळाची दोरी ताणली गेली की वाट लागते. नदीचा प्रवाह सगळीकडं एका वेगाचा नसतो, मधला पट्टा दोरी ओढतो आणि मेलेला किडा अचानक तिरका पळायला लागतो. मासा काय वेडा आहे? म्हणून फ्लाय प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दोरी ढिली ठेवून टाकायची.

पुढच्या खेपेला संध्याकाळी ऊन डोंगरामागं गेल्यावर सुतळीवाली टाकली. हातभर वाहिली, वर्तुळ उमटलं, मी घाईत झटका दिला आणि मासा गेला, फ्लाय पण गेली. मामांना सांगितलं तर म्हणाले, "सुतळी घरात एक गुंडी आहे रे, अजून कर."