तुटक रेषा सलग का दिसते?

ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, नव्याने शिकणाऱ्या पोरांचा एक पक्का समज असतो: टेम्पलेट, म्हणजे नवं ड्रॉइंग ज्यावरून सुरू होतं ती तयार फाइल, हा नुसता कोरा कागद, कुठलंही उघडा. कागद कोरा दिसतो हे खरं. पण एककं, अक्षरांची ठेवण, प्रिंटचे नियम त्यात आधीच ठरलेले असतात.

मुख्य टेम्पलेटं दोन. ‘अकॅड’ इंचाच्या हिशेबाचं, ‘अकॅड-आयएसओ’ मिलिमीटरचं. दोन्हींची थ्रीडी भावंडं असतात, ती सोडून देऊ. ‘नेम्ड प्लॉट स्टाइल्स’ असं नाव जोडलेल्या टेम्पलेटांत छपाईतली जाडी रेषेच्या रंगावरून नव्हे, तिला दिलेल्या स्टाइलवरून, म्हणजे छपाईच्या नियमांच्या संचावरून, ठरते. एका फाइलीत या दोन पद्धती एकत्र नांदत नाहीत.

  

खरी गंमत एककांत आहे. वाळूजच्या कारखान्यांतलं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये चालतं, लातूरचा प्लॉटमालक मात्र ‘30 बाय 40’ फुटांतच बोलतो. त्याची 30 फुटांची भिंत मिलिमीटरमध्ये 9144 होते. ऑटोकॅडच्या लेखी ही नुसती 9144 एककं. ती इंच की मिलिमीटर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता वरचा छज्जा दाखवायला ‘हिडन’ नावाची तुटक रेषा घ्या. इंचाच्या टेम्पलेटात तिची व्याख्या आहे 0.25 एकक रेघ, 0.125 एकक फट. मिलिमीटरच्या टेम्पलेटात तीच 6.35 आणि 3.175, म्हणजे नेमकी 25.4 पट. प्लॅन 1:100 ला छापायचा म्हणून ‘एलटीस्केल’, म्हणजे तुटक रेषेच्या रेघा-फटी किती पट करायच्या तो आकडा, 100 ठेवला, तर मिलिमीटरच्या टेम्पलेटात रेघ 635 एककांची होते आणि कागदावर 6.35 मिलिमीटर उतरते. इंचाच्या टेम्पलेटात मिलिमीटरने काढलं असेल तर रेघ 25 एककं, कागदावर पाव मिलिमीटर, आणि फट त्याच्याही निम्मी. ती शाईतच बुजते. छज्जा भिंतीसारखा दिसतो आणि मिस्त्री विचारतो, “साहेब, इथं भिंत हाय का?”

यावर ‘मेझरमेंट’ ही इंच-मिलिमीटरची सेटिंग 0 ची 1 केली की झालं, असं सर्रास सांगतात. नाही होत. आधी चढवलेल्या रेषेची व्याख्या ड्रॉइंगमध्येच राहते. ‘हिडन’ मिलिमीटरच्या रेषांच्या फाइलीतून रीलोड, म्हणजे पुन्हा चढवावी लागते. नाहीतर एलटीस्केल 100 च्या 25.4 पट, म्हणजे 2540 टाका.