डिजिटल नागरिकत्वाचे शिक्षण

डिजिटल नागरिकत्वाचे शिक्षण : इंटरनेटवर वावरताना कायदा पाळावा, दुसऱ्याचा मान व खासगीपणा जपावा आणि स्वतःच्या हक्कांचीही जाण ठेवावी, यासाठी विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. संगणक शिकवणे वेगळे आणि हे वेगळे. फोन कसा चालवायचा हे मुलांना सहसा शिकवावे लागत नाही. उलट घरातल्या मोठ्यांना तीच शिकवतात. पण वर्गमैत्रिणीचा फोटो तिला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचा नसतो, हे फोन हाताळता हाताळता कळत नाही. ते कोणीतरी समोर बसून सांगावे लागते.

या विषयाची शालेय मांडणी प्रथम अमेरिकेत आकाराला आली. ‘इंटरनॅशनल सोसायटी फॉर टेक्नॉलॉजी इन एज्युकेशन’ या संस्थेने २००७ मध्ये विद्यार्थ्यांसाठीच्या आपल्या निकषांत डिजिटल नागरिकत्वाचा समावेश केला. त्याच वर्षी माइक रिबल आणि जेराल्ड बेली यांनी त्याचे नऊ घटक मांडले; शिष्टाचार, कायदा, सुरक्षितता, आरोग्य, ऑनलाइन खरेदी-विक्री, हक्क आणि जबाबदाऱ्या हे त्यांतले काही. पुढच्या वर्षी तिथल्या केंद्रीय कायद्याने, इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांवर मुलांना ऑनलाइन वर्तनाचे आणि सायबर छळाविषयीचे धडे देण्याचे बंधन घातले. भारतात एनसीईआरटीच्या अकरावीच्या संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात यावर प्रकरण आहे. मात्र संगणकशास्त्र घेणारी मुले थोडी आणि फोन वापरणारी जवळजवळ सगळी. अकरावीपर्यंत थांबणे तर फारच उशिराचे आहे.

अमेरिकी मांडणीत प्रत्येक मुलाचे स्वतःचे यंत्र आणि स्वतःचे खाते गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत फोन एकच असतो. दिवसा तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी तासभर मुलांच्या हाती येतो. शाळेच्या ग्रुपवर नंबर वडिलांचा, यूट्यूबवरचे वयही वडिलांचेच. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि अभ्यास फोनवर आला, तेव्हा ही व्यवस्था पक्की झाली. अशा घरात ‘तुझा पासवर्ड कोणाला सांगू नकोस’ हे वाक्य निरर्थक ठरते. तिथे वेगळे शिकवावे लागते: आपण उघडलेले खाते वापरून झाल्यावर बंद करणे, ताईचे मेसेज तिच्या माघारी न वाचणे, वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी कोणी फोन करून मागितला तरी न सांगणे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. बालकांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती न दाखवण्याची तरतूद त्यात आहे. पण मूल वडिलांच्या नावाने वावरत असेल, तर कंपनीच्या लेखी तिथे मूल नसतेच.

कायद्याचा भाग वर्गात कलमे वाचून दाखवून होत नाही. ओळखीच्या प्रसंगातून होतो. फसवणुकीच्या हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे किंवा दुसऱ्याच्या नावाने खाते उघडून लोकांना ठकवणे, यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ६६-क आणि ६६-ड या कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. संमतीवाचून कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा ६६-ई खाली गुन्हा आहे. ते चित्रण अठरा वर्षांखालील मुलाचे आणि लैंगिक स्वरूपाचे असेल, तर ६७-ब लागते आणि पहिल्याच दोषसिद्धीला शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. आरोपी स्वतः अठराच्या आतला असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. यातली एक बाब शिक्षकांनीही मनावर कोरून घ्यावी. असे चित्र ‘पुरावा म्हणून’ मुख्याध्यापकांना किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवणे हेही प्रसारणच आहे, आणि त्यातून त्या मुलीची दुसऱ्यांदा विटंबना होते. चित्र पुढे न पाठवता पोलिसांना कळवणे हा मार्ग आहे. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, असा गुन्हा कळल्यावर तो कळवणे बंधनकारक आहे.

हक्कांची बाजू मात्र शाळांमधून बहुतेक वेळा गळून पडते आणि ‘हे करू नका, ते करू नका’ एवढेच उरते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने ते लाइक केले, आणि दोघींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कायदा पाळणे आणि चुकीच्या कायद्याला सनदशीर मार्गाने आव्हान देणे, ही दोन्ही नागरिकाची कामे आहेत, हे नववी-दहावीच्या मुलांना या एका खटल्यातून नेमके समजते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची गरज सर्वांत भीषणपणे दिसली ती धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे. १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले. टोळीची अफवा आधीपासून फोनांवर फिरत होती. त्या वर्षी देशभर पसरलेल्या अशाच एका चित्रफितीत, मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. मूळ फिल्म होती कराचीतली, बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली. तिच्यात शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा संदेश लिहिलेला फलक धरतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला होता.

हा तुकडा वर्गात शिकवण्याजोगा आहे. आधी मुलांना शेवट कापलेल्या चित्रफितीचे वर्णन सांगावे आणि विचारावे, की हे कुठले गाव, कुठली तारीख, कोणी टिपले? उत्तर कोणालाच देता येत नाही. मग कापलेला शेवट सांगावा. वर्ग काही क्षण गप्प होतो, आणि त्या शांततेत जे शिकून होते ते दहा सूचनांच्या फलकाने होत नाही. पुढे फळ्यावर हिशेब मांडता येतो. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात २५६ जण मावत. मेसेज पाच ग्रुपांवर टाकला, की एकाच खेपेत तो बाराशेहून अधिक फोनांवर पोचला. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. मर्यादेमुळे वेग कमी होतो. पाठवायचे की नाही हा निर्णय माणसाकडेच राहतो. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्येच सरकारी शाळांतून खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग सुरू झाले होते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत असा वर्ग असायला हवा.

कॉपीराइटचा विषय मुलांच्या रोजच्या प्रकल्पवहीतून येतो. १९५७ च्या कायद्याचे ५२ वे कलम शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला मजकुराची प्रत काढू देते. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या आवारातल्या छायाप्रतींच्या प्रकरणात हाच हक्क उचलून धरला. प्रकाशकाचे आख्खे गाईड स्कॅन करून टेलिग्रामवर वाटणे त्यात बसत नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजींचे निधन १९५० मधले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून कोणालाही छापता येते. मराठी विकिपीडियावरचा मजकूर श्रेय दिल्यास मोकळेपणाने वापरता येतो, पण तो उतरवून खाली स्वतःचे नाव घालणे ही चोरीच. एआयकडून निबंध लिहून घेण्याबाबतही हाच प्रामाणिकपणाचा निकष लागतो.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पैशाचा धडा निकडीचा आहे. ‘तुझे बँक खाते काही दिवस वापरू दे, महिन्याला पैसे देतो’ असे सांगून ठग मुलांची खाती मिळवतात आणि फसवणुकीची रक्कम त्यांतून फिरवतात. पोलिस त्या बँक खात्याच्या मागावर येतात तेव्हा आधी सापडतो तो खातेदार, म्हणजे तो मुलगा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे एक वाक्य कळले तरी घरातल्यांची अनेक संकटांतून सुटका होते.

शाळांमध्ये सर्रास होणारा कार्यक्रम म्हणजे वर्षातून एकदा सभागृहात पोलिस अधिकाऱ्याचे भाषण. त्याने माहिती मिळते, पण भीती जास्त बसते, आणि भ्यालेले मूल संकटात सापडल्यावर गप्प बसते. फोन काढून घेतील या धास्तीने मुली ब्लॅकमेल सोसत राहतात. म्हणून ‘चूक तुझी असली तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही’ असा शब्द वर्गशिक्षकांनी आणि पालकांनी द्यावा आणि पाळावा. ठरावीक वेळाने पालकसभेत हा विषय घेतला, तर घरातही तीच भाषा येते. पालकांचे स्वतःचे वागणे यात मोजले जाते: मुलाचे गुणपत्रक किंवा आंघोळीचा फोटो त्याला न विचारता स्टेटसला ठेवणाऱ्या घरात संमतीचा अर्थ मुलाला सांगणे कठीण जाते.

मदतीचे मार्ग मुलांना पाठ असावेत. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते. मेसेज घाईने पुसू नयेत. संभाषण, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवावेत. अठरा वर्षांखाली काढलेला नग्न फोटो पसरण्याचे भय असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनवरच त्या चित्रावरून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्याच्याशी जुळणारे चित्र त्यांच्या मंचावर सापडले, की त्या ते काढतात. फोटो मुलीच्या फोनमधून बाहेर पडत नाही.