जखमी शिकारी पक्ष्यांचा बचाव आणि पुनर्वसन (बेळगाव सीमाभाग)

जखमी घार, शिक्रा, घुबड असा पक्षी सापडला की त्याला सुखरूप उचलायचं, उपचार करायचे आणि तो स्वतःची शिकार स्वतः करायला लागला की सोडून द्यायचं, असं हे काम. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घार, शिक्रा, कापशी घार, गव्हाणी घुबड आणि पिंगळा हे नेहमीचे पेशंट.

शहरात मुख्य वैरी मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली तरी संक्रांत आली की तो मिळतोच. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये पंखाची जी पातळ कातडी ताणलेली असते ती मांजाने कापली जाते, आणि पक्षी जितका धडपडतो तितका दोरा आत जातो, म्हणून दोरा ओढायचा नाही, पक्ष्यापासून वीतभर लांब कापायचा आणि अडकलेला तुकडा डॉक्टरला काढू द्यायचा. उसाच्या भागात वेगळीच भानगड असते. उंदराला घातलेलं विष उंदरातून घुबडाच्या पोटात जातं. रक्त गोठू न देणारं विष असेल तर व्हिटॅमिन के देतात, पण वेळेत आणलं तर.

उचलताना चोचीपेक्षा पायांना भ्यायचं. नख्या रुतल्या तर सुटता सुटत नाहीत. मागून जाडसर टॉवेल टाकायचा, डोकं झाकायचं, पंख अंगाला मिटवून धरायचे आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं. अंधारात पक्षी शांत होतो. दूध, भात, ब्रेड काही देऊ नका, चोच उघडून पाणीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. हळद फासणारेही भेटतात. सेल्फीचं तर बोलायलाच नको.

घरी पाळणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे सापडलेल्या वन्यजीवाची खबर ४८ तासांत पोलीस किंवा वनखात्याला द्यावी लागते. आपल्याकडे यात सीमेचा घोळ असतोच: चंदगडकडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, पण पक्षी सापडला महाराष्ट्रात आणि डॉक्टर कर्नाटकात, त्यामुळे आधी आपल्या तालुक्याच्या वनखात्याला फोन करून विचारलेलं बरं.

हाड बसवणं, टाके घालणं हा एक भाग झाला, खरी परीक्षा नंतर. नुसतं बोनलेस चिकन घातलं तर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून हाडं, केस, पिसांसकट अख्खं भक्ष्य देतात. त्यातलं जे पचत नाही ते घुबड गोळी करून ओकून टाकतं. कडक, सपाट फळीवर महिनोन्‌महिने बसवलं तर तळव्याला सूज येते, म्हणून बसायच्या दांडीला काथ्या किंवा कृत्रिम गवत गुंडाळतात. शेपटीची पिसं पिंजऱ्याच्या जाळीला घासून तुटली तर गळून पडलेलं त्याच जातीचं पीस बांबूच्या काडीने जोडता येतं, आणि हे बघण्यासारखं असतं बरं का.

पिंजऱ्यात इकडून तिकडं उडाला म्हणजे पक्षी तयार झाला असं नाही. फ्लाइट केजमध्ये, म्हणजे उडायला जागा असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात, दम न लागता चकरा मारता आल्या पाहिजेत, झेप घालून भक्ष्य पकडता आलं पाहिजे. शक्यतो सापडला तिथंच सोडतात, घुबडाला संध्याकाळी.

पिल्लांचं उलटं आहे, बऱ्याच पिल्लांना ‘वाचवायची’ गरजच नसते. पिंगळ्याचं धडधाकट पिल्लू ढोलीतून खाली पडलं तर परत ढोलीत ठेवायचं, ती सापडली नाही तर त्याच झाडावर टोपली बांधून तीत ठेवायचं आणि लांबून नजर ठेवायची. माणसाचा हात लागला की आईबाप टाकतात ही समजूत खोटी आहे, ते येऊन भरवतात. घरात हाताने वाढवलेलं पिल्लू मात्र माणसालाच आपला समजून बसतं, आणि मग ते जंगलाच्या कामाचं राहत नाही.