स्पॅनियल आणि लॅब्रॅडॉर: एक बार उडण्याआधीचा, दुसरा नंतरचा

दोघेही पडलेला पक्षी तोंडात धरून आणतात, दोघांनाही पाण्याचं वेड असतं आणि ब्रिटनमध्ये दोघांचीही गणना ‘गनडॉग’ (बंदुकीच्या शिकारीत साथ देणारे कुत्रे) या एकाच गटात होते. त्यामुळे स्प्रिंगर स्पॅनियल घेतला काय आणि लॅब्रॅडॉर घेतला काय, काम तेच, असं बऱ्याच जणांना वाटतं. हौसेने कुत्री पाळणारे आपल्याकडचे लोक असं म्हणतात, आणि तिकडे स्थायिक होऊन शेतावरच्या शिकारीत नव्याने पाऊल टाकणारी मराठी मंडळीही म्हणतात. पण पक्षी पडल्यावर कुत्रा काय करतो यावरून या दोघांतला फरक कळणारच नाही. बार उडण्याआधी तो कुठे असतो ते बघा. स्पॅनियल त्या वेळी काट्याकुट्यांत घुसलेला असतो आणि लॅब्रॅडॉर मालकाच्या पायाशी बसलेला.

स्पॅनियलचं काम सावज उठवण्याचं. बांधावरची काटेरी झुडपं, वाळलेलं नेचं, उसासारखं दाट वाढलेलं गवत, यांत दडलेला ससा किंवा फेझंट, वुडकॉकसारखा पक्षी त्याने हुसकून बाहेर काढायचा. आपल्याकडे पूर्वी हाका घालायला हाकाऱ्यांची रांग लागायची. इथे तेच काम एक कुत्रा करतो. शिकाऱ्याच्या पुढे तो डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे असा नागमोडी फिरतो, पण वीस-पंचवीस मीटरच्या बाहेर जात नाही. ही मर्यादा बंदुकीने घातलेली आहे. छऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला पस्तीस-चाळीस मीटरचा. कुत्र्याने चाळीस मीटरवर फेझंट उठवला, तर तो उंची घेईपर्यंत पल्ल्याबाहेर गेलेला असतो. तरीही बार टाकला तर पक्षी मरत नाही, जखमी होऊन कुठेतरी तडफडत राहतो. म्हणून लांब पळणारा स्पॅनियल कितीही तडफदार दिसला तरी कामाचा नाही.

वाऱ्याचा हिशेब नवख्यांच्या हमखास सुटतो. वारा समोरून येत असेल तर कुत्रा तुमच्या पुढे सरळ नागमोडी काम करतो. वारा पाठीमागून असेल तर शहाणा कुत्रा आधी लांब पुढे जातो आणि वास घेत घेत तुमच्याकडे परत येतो. तो हुकूम मोडत नाही, नाकाने सांगितलं ते करतोय. अशा वेळी शिट्टी मारमारून त्याला मागे ओढलं तर त्याचं काम बिघडतं.

चालताना शेपटीवर नजर ठेवावी. एरवी ती एका लयीत हलत असते. ताजा वास लागला की ती लय एकदम तुटते, मागचा भाग थरथरायला लागतो, डोकं खाली जातं आणि कुत्रा एकाच झुडपाभोवती घोटाळू लागतो. बंदूक सावरायची ती तेव्हाच, पक्षी फडफडल्यावर नव्हे. आणि पक्षी उठला, ससा सुटला, की स्पॅनियलने जागच्या जागी बसलंच पाहिजे. हे त्याला शिकवायला सगळ्यात अवघड, आणि यात सवलत देऊ नये. ससा जमिनीलगत पळतो आणि त्याच्यामागे धावणारा कुत्रा थेट छऱ्यांच्या वाटेत येतो. कुत्रा बसलेला दिसत नसेल तर पळत्या सशावर बंदूक उचलायचीच नाही.

लॅब्रॅडॉरची परीक्षा वेगळी, आणि माझ्या मते जास्त कठीण. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत हिवाळ्यातल्या संध्याकाळी बदकांची वाट पाहत बसायचं असतं. अंधार पडता पडता बदकं दिवसभराची विसाव्याची जागा सोडून चरायला निघतात. तासभर, कधी त्याहून जास्त, कुत्रा लव्हाळ्यात चिखलावर बसून असतो. कुईकुई नाही, चुळबुळ नाही. आवाज करणारा रिट्रीव्हर (लॅब्रॅडॉरसारखा पक्षी आणणारा कुत्रा) ब्रिटनच्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धेत, थेट बाद होतो, कारण एका कुत्र्याच्या कुणकुणीने आख्खा थवा वळतो. मुरलेला लॅब्रॅडॉर तुमच्या आधी आकाशाकडे बघतो. पंखांची शिळ त्याच्या कानावर आधी येते. त्याची मान वळली की आपणही तिकडे वळावं.

बार झाल्यावर पक्षी कुठे पडला ते त्याने डोळ्यांनी टिपून डोक्यात ठेवायचं, आणि तरीही हुकूम मिळेपर्यंत हलायचं नाही. दोन-तीन पक्षी पडले तर आधी जखमी. जखमी बदक बुडी मारतं, लव्हाळ्याच्या मुळाशी जाऊन फक्त चोच वर ठेवतं आणि थोड्या वेळाने सापडत नाही. मेलेलं बदक थांबू शकतं, फक्त ओहोटी लागलेली नसली पाहिजे. ओहोटीच्या खाडीत मेलेलं बदकही बघता बघता समुद्राकडे निघतं. पण पाण्याला जोराची ओढ असेल तर कुत्रा सोडू नये, पक्षी जाऊ द्यावा. मुळात पाण्याची ओढ बघूनच बंदूक चालवावी.

कुत्र्याने पडताना न पाहिलेला पक्षी आणवणं ही या कामातली कमाल. लांब एक शिट्टी वाजली की साठ-सत्तर मीटरवरचा लॅब्रॅडॉर थबकून मागे वळतो, मालकाचा हात बघतो आणि त्या दिशेने निघतो. हे हातवारे स्पॅनियललाही शिकवतात, पण त्याचा पिंड स्वतः शोधण्याचा आहे. लॅब्रॅडॉर माणसाकडे बघून काम करतो.

अंगकाठीतही हे सगळं दिसतं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांकडे होते. मासेमारीच्या व्यापारातून ते एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या पूल बंदरात आले आणि माम्सबरीचे अर्ल, बक्ल्यूचे ड्यूक अशा घराण्यांनी त्यांची पैदास जपली. जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबची मान्यता 1903 ची. दुहेरी, तेलकट केसांवरून पाणी निथळून जातं आणि जाड शेपटी पोहताना सुकाणूसारखी चालते. स्प्रिंगर त्याच्याहून हलका आणि चपळ असतो, पण त्याच्या लांब केसांत पाणी आणि चिखल अडकून राहतो. थंड दलदलीत तासभर बसवलात तर तो गारठतो. उलट काट्यांतून सतत वळवळणाऱ्या शेपटीला जखमा होतात, म्हणून इंग्लंडच्या 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यात शेपटी छाटण्याच्या बंदीतून काम करणाऱ्या स्पॅनियलच्या पिल्लांना सूट आहे. लॅब्रॅडॉरची शेपटी कोणी छाटत नाही.

शिकवण्याचा क्रमही म्हणूनच वेगळा. स्पॅनियलच्या पिल्लाला सारख्या डमी (सरावासाठीची खोटी सावजं) फेकत राहिलात तर ते नाक जमिनीला लावायचं सोडून मान वर करून आकाशातून काय पडतंय ते बघायला लागतं. त्याला आधी गवतात लपवलेल्या वस्तू हुडकू द्या. लॅब्रॅडॉरसमोर डमी फेका, पण चारातल्या तीन स्वतः उचलून आणा. फेकलेली प्रत्येक वस्तू आपली नसते, हे त्याला लहानपणीच कळायला हवं. शिट्ट्यासुद्धा वेगळ्या: स्पॅनियलवाले बहुधा ॲक्मे कंपनीची 210½ क्रमांकाची शिट्टी वापरतात, लॅब्रॅडॉरवाले वेगळ्या सुराची 211½. दोन्ही कुत्री एकाच माणसाकडे असली की हा फरक फार उपयोगी पडतो.

दुखणीही ज्याची त्याची. स्पॅनियलचे कान आणि बोटांमधली जागा रोज संध्याकाळी तपासावी; गवताचं कुसळ आत शिरलं की पुढे सरकतच जातं. गार पाण्यात खूप पोहलेल्या लॅब्रॅडॉरची शेपटी दुसऱ्या दिवशी मुळापासून लुळी लोंबते आणि हात लावू देत नाही. मालक घाबरतो, पण विश्रांतीने ती सहसा काही दिवसांत पूर्ववत होते. दुखणं जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवावं. पाण्यातून आल्यावर अंग कोरडं करणं आणि वाट पाहताना निओप्रीनचं (रबरी कापडाचं) जाकीट घालणं दोघांनाही लागू.

एकच कुत्रा ठेवायचा असेल तर? बांधावरचे ससे, फेझंट आणि क्वचित एखादं बदक असा बेत असेल तर स्प्रिंगर. तळी, खाडी, दलदल यांवरच भर असेल तर लॅब्रॅडॉर. अमेरिकेत लॅब्रॅडॉरकडून फेझंट उठवून घेतात आणि तो ते नीट करतो, म्हणून पहिलाच कुत्रा घेणाऱ्याला मी लॅब्रॅडॉरच सांगेन. बसलेल्या कुत्र्याला उठवायला शिकवणं सोपं, सुटलेल्या स्पॅनियलला बसवणं नवख्या हाताला जमत नाही.

इंग्लंडमध्ये बदकांचा हंगाम 1 सप्टेंबर ते 31 जानेवारी, आणि भरतीरेषेच्या खालच्या किनाऱ्यावर 20 फेब्रुवारीपर्यंत. पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे इंग्लंडमध्ये 1999 पासून बंद आहेत, कारण तळातले खडे गिळताना पक्षी तेही गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. पोलादी छरे हलके असल्याने त्यांचा जोर लवकर ओसरतो. म्हणजे कुत्र्याला जवळ राखण्याचं आणि लांबचा बार टाळण्याचं महत्त्व वाढलंच आहे.

भारतात मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. हौस म्हणून कुत्रा सशामागे सोडणं हाही गुन्हाच. उजनीच्या फुगवट्यावर किंवा नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर बदकं उतरलेली असताना घरचा लॅब्रॅडॉर साखळीतच हवा. त्याची ओढ खरी आहे, तिला वाट द्यायची तर पक्षी नसलेल्या, स्वच्छ आणि संथ पाण्यात अर्धा किलोची तरंगणारी डमी फेका आणि मोजून थांबून मग सोडा. पाण्यावर हिरवी-निळी साय दिसली तर आत सोडू नका, ते शेवाळ कुत्र्याला विषारी ठरू शकतं. लेप्टोस्पायरोसिसची लसही चुकवू नका. घरी कॉकर स्पॅनियल असेल तर पाण्याचीही गरज नाही. गुडघाभर गवतात, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, जुना टेनिसचा चेंडू लपवा आणि त्याला नाकाने हुडकू द्या.