नकळत पूड दिल्याने दारू सुटत नाही

एसटी स्टँडच्या भिंतीवर ती जाहिरात वर्षानुवर्षे दिसते: ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा.’ चहात, भाजीत पूड मिसळली की नवरा महिनाभरात सुधारेल, असा समज घरोघरी आहे. तो खोटा आहे, आणि जिवावर बेतणाराही. त्या पुडीत काय आहे ते कळायला मार्ग नसतो. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध निघाले आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणे, क्वचित मृत्यूसुद्धा. हे औषध रुग्णाला नीट सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करणेही धोक्याचे. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच जायला हवेत. खरे काम त्यानंतरचे: समुपदेशन, घरच्यांचा सहभाग, पाठपुरावा. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच करत आले आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना; तिच्या सभांना फी नसते.

जवळचे केंद्र शोधायला १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. तिथे गेल्यावर आधी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात? घरच्यांना भेटू देतात का? मारहाण किंवा साखळदंड दिसले, तर आपल्या माणसाला तिथे एक रात्रही ठेवू नका.