सांगाडा नव्हे, खड्डा शोधायचा

टीव्हीवरच्या गुन्हेमालिकांनी एक गैरसमज घट्ट रुजवला आहे. हिरवळीवरून चाकांचे यंत्र ढकलत न्यायचे आणि पडद्यावर कवटीसकट अख्खा सांगाडा उमटणार! असे यंत्र अस्तित्वात नाही. जमिनीत शिरणारे रडार खरे आहे, पण त्याला हाडे जवळपास दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो कधीकाळी कुणीतरी फावड्याने खणून परत बुजवलेला खड्डा.

याचा चांगला उपयोग होतो अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत. आयोवा राज्य 1833 पासून गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुले झाले. (त्यांना ‘पायोनियर’, म्हणजे पहिले येणारे, म्हणतात; मेस्क्वाकी आणि आयोवे लोक तिथे आधीपासून राहत होते, हे त्या शब्दात बसत नाही.) बाळंतपण, कॉलरा, घटसर्प यांत माणसे जात आणि शेताच्या उंचवट्यावर पुरली जात. खुणेला लाकडी फळी किंवा शेतातलाच दगड. फळी कुजली, दगड नांगरणाऱ्याने बांधावर फेकला, कुटुंब पुढे पश्चिमेला निघून गेले. आज मक्याच्या शेतात रेड सीडरची चार झाडे आणि पाच-सहा मोडके दगड उरलेले दिसतात. आयोवाच्या कायद्यात मागील 50 वर्षांत 12 किंवा त्याहून कमी दफने झालेली जागा म्हणजे ‘पायोनियर सिमेट्री’ (सिमेट्री म्हणजे दफनभूमी). दगड सहा असले, तरी कबरी साठ असू शकतात.

खड्डा इतका काळ टिकतो कसा? पाइपलाइनसाठी शेतात चर खणून बुजवला, की पहिल्याच पावसाळ्यात तो खचतो, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. कबरीचे तसेच, फक्त दोन टप्प्यांत. दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्ड्यातून सव्वादोन घनमीटर माती निघते. मोकळी झाल्यावर ती साधारण पाव हिश्शाने फुगते, त्यात शवपेटीने जागा अडवलेली, म्हणून आधी वर ढीग राहतो. काही पावसांत माती बसते. मग दहा-वीस वर्षांनी पेटीचे झाकण कुजून कोसळते आणि वरची माती पुन्हा खाली जाते. उरतो तो जेमतेम हातभर खोलीचा, बऱ्याचदा चार बोटांचाच लंबगोल खळगा.

पृष्ठभागावरचा खळगा भरून निघाला, तरी आतली गडबड भरून निघत नाही. आयोवाच्या गवताळ जमिनीत वर 30 ते 60 सेंटिमीटर काळीभोर माती आणि खाली पिवळसर तपकिरी थर असतो. खणताना दोन्ही एकत्र येतात आणि परत टाकताना चिवड्यासारख्या कालवल्या जातात. मूळ थर पुन्हा कुणाला लावता येत नाहीत. दीडशे वर्षांनीही त्या चिवड्याची घनता, ओल आणि पोकळी शेजारच्या जमिनीपेक्षा वेगळी राहते. रडार पकडते ते हेच वेगळेपण.

आता रडारकडे. कबरींसाठी बहुधा 400 मेगाहर्ट्झच्या आसपासचा अँटेना वापरतात. तो खाली रेडिओ लहर सोडतो आणि परतलेल्या प्रतिध्वनीला किती नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लागले ते मोजतो. लहरीचा वेग ठरतो मातीच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून (माती लहरीला किती मंदावते त्याचा आकडा): प्रकाशाचा वेग, म्हणजे नॅनोसेकंदाला 0.3 मीटर, भागिले त्या स्थिरांकाचे वर्गमूळ. कोरडसर मातीचा स्थिरांक 9 धरला तर वेग 0.1 मीटर. प्रतिध्वनी 24 नॅनोसेकंदांनी आला तर जाऊन-येऊन 2.4 मीटर, म्हणजे खोली 1.2 मीटर. पाऊस पडून गेला आणि स्थिरांक 16 झाला, तर वेग 0.075 मीटर होतो आणि तेच 24 नॅनोसेकंद 90 सेंटिमीटर खोली सांगतात. पाण्याचा स्थिरांक 80 च्या घरात असल्याने थोडी ओलही हिशेब फिरवते. वेग ठोकताळ्याने धरला, की नकाशातल्या साऱ्या खोल्या चुकतात.

सुदैवाने वेग चित्रातूनच काढता येतो, आणि हा या तंत्राचा सर्वात देखणा भाग आहे. अँटेनाचा झोत टॉर्चसारखा पसरट असतो. त्यामुळे पेटीचा माथा 1.2 मीटर खोल असेल, तर ती जागा पुढे एक मीटर असतानाच तिचा प्रतिध्वनी येऊ लागतो. पायथागोरसने तिरपे अंतर 1.56 मीटर, म्हणजे 31 नॅनोसेकंद. बरोबर डोक्यावर आल्यावर 24 आणि पुढे सरकल्यावर पुन्हा 31. यंत्राला ‘तिरपे’ कळत नाही, ते सगळे सरळ खालीच काढते. म्हणून पडद्यावर ठिपक्याऐवजी उलट्या वाटीसारखी कमान उमटते. शाळेतला हायपरबोला तो हाच. कमान किती पसरट किंवा उभट आहे, त्यावरून त्या जागेतला वेग मिळतो.

हाडे का दिसत नाहीत, तेही इथेच कळते. 0.1 मीटर वेग आणि 400 मेगाहर्ट्झ म्हणजे तरंगलांबी 25 सेंटिमीटर. वेगळे ओळखता येणारे बारीकात बारीक अंतर तिच्या चौथ्या हिश्शाच्या, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपास. बरगडीचा प्रश्नच मिटला.

प्रत्यक्ष कामात मात्र घोटाळे होतात ते दोरी-खुंटीत. 20 बाय 20 मीटरचा चौकोन टेपने आखतात. कर्ण 28.28 मीटर भरला नाही, तर काटकोन चुकला आहे, पुन्हा आखा. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नये. त्याची तीन-पाच मीटरची चूक म्हणजे चार ते सहा कबरींची रुंदी. चुंबकीय मापनही करायचे असेल तर खुंट्या बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या हव्यात, नाहीतर शवपेटीच्या खिळ्यांऐवजी आपल्याच खुंट्या सापडतात. ख्रिस्ती कबरी बहुधा पूर्व-पश्चिम असतात, म्हणून रडारच्या रेषा उत्तर-दक्षिण न्यायच्या. कबरीच्या लांबीने गेलात तर कमान न दिसता सपाट थर दिसतो आणि नजरेतून सुटतो. अर्ध्या मीटरवर एक रेषा घेतली तर 41 रेषा, 820 मीटर चाल. पण तान्ह्या मुलाची कबर पाऊण मीटरची. ती एखाद-दुसऱ्याच रेषेत येते आणि दगड समजून सोडली जाते. त्या काळात मुलांच्या कबरी थोड्या नव्हत्या. म्हणून पाव मीटरचे अंतर, 81 रेषा, 1,620 मीटर आणि दुखणारी पाठ.

मुळे, गोफर या जमीन पोखरणाऱ्या प्राण्याची बिळे आणि हिमनदीने आणून टाकलेले धोंडेही कमानी काढतात. मूळ एका रेषेतून दुसरीत तिरके सरकत लांब जाते. कबर लागोपाठ काही रेषांत, त्याच जागी, त्याच खोलीवर दिसते आणि संपते. चिकणमातीत मात्र सगळेच मुसळ केरात: वीजवाहक माती लहर गिळून टाकते. आपल्या काळ्या मातीतही रडारची हीच गत होते.

याच कामात तांब्या-पितळेच्या दोन वाकड्या तारा घेऊन फिरणारेही भेटतात. तारा एकमेकींवर आल्या की खाली कबर, आणि काही जण तर पुरुष की बाई तेही सांगतात. तळहातावर नारळ उभा करणाऱ्या आपल्या पाणाड्यांचे हे चुलतभाऊ. आडव्या धरलेल्या तारेला मनगटाचा नकळत झालेला किंचित कलही फिरवतो. शिवाय कबरींच्या रांगेतून चालताना जिथे थांबाल तिथे कबर लागण्याची शक्यता मोठीच. रिकाम्या कुरणात, डोळे बांधून तीच करामत करून दाखवावी. आयोवाच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयानेही ही पद्धत तपासून निकालात काढली आहे.

यंत्र आणण्याआधी डोळ्यांचे काम उरकावे. हिवाळ्याच्या शेवटी गवत झोपलेले असते, तेव्हा सूर्य कलल्यावर खळगे सावलीने उठून दिसतात. विरळ बर्फ वितळताना तर आणखी. आयरिस, सदाफुलीच्या कुळातली विंका, लिलॅक ही मुद्दाम लावलेली झाडे टिपून ठेवावीत. लगेच गवत कापू नये: आयोवातील मूळ गवताळ प्रदेशाच्या हजारातला एक भागही उरलेला नाही आणि जो उरला त्यातला काही अशा दफनभूमींतच आहे. दगडावरची अक्षरे वाचायला पीठ, खडू किंवा शेव्हिंग क्रीम फासू नये, संगमरवर खराब होतो. आरशाने उन्हाची तिरीप बाजूने पाडली, की पुसट अक्षरेही उमटतात.

नावांसाठी 1850 ते 1880 च्या जनगणनांबरोबर केलेल्या मृत्यू-याद्या बघाव्यात. त्यांत 31 मे रोजी संपलेल्या बारा महिन्यांतले मृत्यू आहेत. म्हणजे दर दहा वर्षांतली नऊ वर्षे कोरीच. राज्यातली मृत्यूनोंदणीच 1880 ला सुरू झाली. यादीतले नाव घेऊन ते जवळच्या खड्ड्याला चिकटवण्याचा मोह टाळावा.

लोखंडी सळई खुपसून मऊ जागा शोधण्याची जुनी रीत आहे, पण परवानगीशिवाय ती नको. आयोवात 150 वर्षांवरील मानवी अवशेष राज्य पुरातत्त्व कार्यालयाच्या अखत्यारीत येतात आणि सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांचे बरेच अवशेष आता तेवढे जुने झाले आहेत. खात्रीच हवी असेल तर पुरातत्त्वज्ञ वरची काळी माती अलगद खरवडतात. खालच्या पिवळ्या थरात चिवड्याचे आयत स्पष्ट दिसतात, पेटीला हात न लावता.

नकाशावर ‘कबर’ असे सरसकट लिहू नये. ‘संभाव्य’ (बहुधा कबरच) आणि ‘शक्य’ (असेलही, नसेलही) असे दोन वर्ग ठेवावेत. आणि दोन रंग वेगळे ठेवावेत: एक ‘तपासले, काही दिसले नाही’ यासाठी, दुसरा ‘तपासलेच नाही’ यासाठी. कुंपण सरकवायचे ठरते तेव्हा शेजारचा शेतकरी याच दोन रंगांकडे बघतो.