जुन्या विटांच्या भिंतीला सिमेंट लावलं की पक्की होते? नाही ओ!

आमच्या कोल्हापुरात पेठेतला कुठलाही जुना वाडा दुरुस्तीला काढला की कुणीतरी सांगतंच, "दर्जात, म्हणजे विटांमधल्या सांध्यात, सिमेंट भरून टाका, ओल पण थांबते आणि भिंत पण पक्की." वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि हे साफ चुकीचं आहे.

जुनी भाजकी वीट मऊ असते आणि दोन विटांमधला चुना तिच्यापेक्षाही मऊ, त्यामुळं पावसाळ्यात भिंतीनं प्यालेलं पाणी उन्हाळ्यात दर्जातनं वाफ होऊन निघून जातं, भिंत थोडी हलली तरी चुना सांभाळून घेतो, बारीक चिरा तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःच भरत येतो. सिमेंट मात्र कडक, ते ही वाट बंद करतं. मग पाणी विटेतनंच बाहेर पडतं, सोबतचे क्षार तोंडापाशी साठून खडे धरतात, आणि विटेचं तोंड फुटतं. लोणा लागलेली, म्हणजे क्षार फुटलेली, अशी भिंत जवळून बघा, सिमेंटची जाळी पुढं उभी आणि विटा आत खाल्लेल्या, नख लावलं की लाल भुकटी हातात येते. जीव तुटतो बघताना, कारण ती वीट परत मिळत नाही.

दर्जा छिन्नीनं हळू उकरायचा (ग्राइंडर नकोच, विटेच्या कडा जातात), सांध्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोल, विटा भिजवायच्या, चुना-वाळू दाबून भरायची आणि काही दिवस ओलं गोणपाट. पण आधी गळकी पन्हळ दुरुस्त करा, ओल बहुतेकदा तिथनंच येते.